‘इराणची इस्लामी क्रांती : कारणे व सिद्धांत’ – 180 रुपयांच्या स्पायरल नोट्स घ्याव्यात का?

अप्पा बळवंत चौकापासून शास्त्री रोडपर्यंतच्या झेरॉक्सच्या दुकानांत सध्या एक स्पायरल संच फिरतो आहे. विषय, 1979 मध्ये इराणच्या शहाची राजवट उलथवून मौलवींच्या हाती सत्ता देणारी क्रांती. वर पारदर्शक प्लास्टिक, आत 64 पानं, किंमत 180 रुपये. लेखकाचं नाव नाही. कुठल्या तरी क्लासचं नाव होतं, ते मूळ प्रतीवरच खोडून मग प्रती काढलेल्या दिसतात. गिऱ्हाईक म्हणजे एम.ए. राज्यशास्त्राचे, सेट-नेटचे आणि नवी पेठेतल्या अभ्यासिकांत बसणारे यूपीएससीचे विद्यार्थी. मराठीत या विषयावर दुसरं काही चटकन हाती लागत नाही, म्हणून संच खपतो. तेव्हा त्यात काय आहे, काय चुकलंय आणि चुकलेलं कसं दुरुस्त करायचं, ते जरा तपशिलात.

आधी निकाल. घटनाक्रमाची सात पानं आणि तेलाच्या पैशावरचं प्रकरण यांसाठी घ्यायला हरकत नाही. ‘क्रांतीची कारणे’ या 22 पानांवर विसंबून मात्र उत्तर लिहू नका. तिथे चौदा कारणं एकाखाली एक मांडली आहेत: शहाची हुकूमशाही, सावाक (शहाचे गुप्त पोलीस), अमेरिकेचा प्रभाव, महागाई, श्वेतक्रांती (शहाचा सुधारणांचा कार्यक्रम, आपली दुधाची नव्हे), खेड्यांतून शहरांकडे लोंढे, धर्मगुरू खोमेनींचं नेतृत्व वगैरे. सुटं पाहिलं तर एकही खोटं नाही. पण यादीला सिद्धांत म्हणत नाहीत, आणि परीक्षक विचारतो तो सिद्धांत.

कुठलीही उपपत्ती, म्हणजे कारण सांगणारा सिद्धांत, पारखायची असेल तर तिला तीन प्रश्न टाकावेत. 1978 मध्येच का, 1963 मध्ये का नाही? इराणमध्येच का, सौदी अरेबिया, इराक किंवा व्हेनेझुएलात का नाही? आणि सत्ता मौलवींच्याच हाती का गेली, डाव्यांच्या किंवा उदारमतवाद्यांच्या हाती का नाही? संचातली चौदा कारणं या तीन प्रश्नांवर धरली की बहुतेक पहिल्याच प्रश्नाला गळतात. सावाक 1957 पासून होती. अमेरिकेचा वरदहस्त ऑगस्ट 1953 मध्ये पंतप्रधान मोसाद्देकना उलथवल्यापासून होता. जे पंचवीस वर्षं जागच्या जागी होतं, ते एकट्याने पंचविसाव्या वर्षी काय झालं हे सांगू शकत नाही.

1963 चा दाखला संचात दोन ओळींत उरकलाय, हे सगळ्यात खटकतं. त्या वर्षी जानेवारीत श्वेतक्रांतीवर सार्वमत झालं, जूनमध्ये खोमेनींना अटक झाली, कूम (शियांचं धार्मिक केंद्र) आणि तेहरानमध्ये लोक रस्त्यावर आले. मौलवी होते, बाजारातले व्यापारी होते, मोहरमचे दिवस होते. लष्कराने काही दिवसांत सगळं मोडून काढलं आणि 1964 च्या नोव्हेंबरात खोमेनींची रवानगी तुर्कस्तानला झाली. म्हणजे ‘धर्म अधिक बाजार’ हे मिश्रण 1963 मध्येही तयार होतं आणि तरी क्रांती झाली नाही. 1963 आणि 1978 मध्ये नेमकं काय बदललं, हे सांगणारी उपपत्तीच कामाची. उत्तराच्या सुरुवातीला ही तुलना दोन वाक्यांत टाकली तरी ते उत्तर गठ्ठ्यात वेगळं दिसेल.

आता सिद्धांतांकडे. संचाने जेम्स डेव्हिसचा 1962 चा ‘जे-वक्र’ पहिला घेतलाय. क्रम बरोबर, आकृती चूक. जे अक्षर सरळ काढून वर जाणारी रेघ दाखवली आहे. डेव्हिसचा जे उलटा आहे: परिस्थिती बराच काळ सुधारत जाते, मग एकदम खाली वळते, लोकांच्या अपेक्षांची रेघ मात्र वरच चढत राहते. या दोन रेघांमधली फट सहन होण्यापलीकडे गेली की उठाव होतो. आकृती अशी दुरुस्त करा: आडव्या अक्षावर 1963 ते 1979, उभ्या अक्षावर गरजांची पूर्ती. प्रत्यक्षाची रेघ 1973 पर्यंत बेताने चढती, 1974-75 ला एकदम उंच, 1976 पासून सपाट, 1977 ला खाली. अपेक्षांची तुटक रेघ 1974 च्याच चढाने पुढे. मधला भाग रेघोट्यांनी भरा.

आकडे हवेतच. 1973 च्या शेवटी तेलाचा भाव काही महिन्यांत पिंपाला तीन डॉलरच्या आसपासून जवळजवळ बारा डॉलरवर गेला. पैशाचा पूर आला, बंदरांत जहाजं खोळंबली, सिमेंटपासून घरभाड्यापर्यंत सगळं भडकलं. 1977 मध्ये महागाई वर्षाला 25 टक्क्यांच्या घरात होती. ऑगस्ट 1977 मध्ये होवैदांच्या जागी आलेले पंतप्रधान आमूझेगार यांनी खर्चाला कात्री लावली. महागाई उतरू लागली, पण बांधकामं थंडावली आणि मजुरांचा रोजगार गेला. मौलवींना सरकारकडून गुपचूप मिळणारा पैसाही याच काळात आटला.

वक्र बसतो खरा. फक्त ज्यांच्या पोटाला चिमटा बसला ते आधी रस्त्यावर आले नाहीत. 1977 मध्ये आधी बोलले ते वकील आणि लेखक. ऑक्टोबरात तेहरानच्या गोएथे इन्स्टिट्यूटमध्ये दहा रात्री कवितावाचन झालं, तिथे हजारोंची गर्दी होती. जानेवारी 1978 मध्ये उठले ते कूमचे मदरशांतले विद्यार्थी. तेहरानच्या कडेच्या झोपड्यांमध्ये 1977 च्या उन्हाळ्यात पाडापाडीवरून चकमकी झाल्या होत्या, पण ती मागणी छपराची होती, तख्ताची नव्हती. टेड गर यांची 1970 ची सापेक्ष वंचिततेची (अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतल्या तफावतीची) मांडणीही इथेच अडते: असंतोष मोजता येतो, तो कृतीत कसा उतरतो ते तिच्यातून कळत नाही. संचात ही मर्यादा कुठेच नाही. उत्तरात तिला एक पूर्ण परिच्छेद द्या.

असमान विकासाचा सिद्धांत इतिहासकार अब्राहमियन यांचा, 1982 चा. अर्थव्यवस्था आणि समाज शहाने झपाट्याने बदलले, राजकारण मात्र गोठवून ठेवलं, आणि वाढत्या मध्यमवर्गाला व कामगारांना बोलायची वाट उरली नाही. शहरांतली लोकसंख्या 1956 मध्ये 31 टक्के होती, 1976 मध्ये 47. मार्च 1975 मध्ये होते नव्हते ते पक्ष बरखास्त करून शहाने रस्ताखीझ हा एकच पक्ष काढला. संचात हा पक्ष ‘लोकप्रिय’ म्हणून आलाय. तो शब्द खोडा. त्या पक्षाने केलेलं मोठं काम म्हणजे बाजारात नफेखोरीविरोधी पथकं पाठवणं. हजारो दुकानदारांना दंड झाले, कैक तुरुंगात गेले. लक्ष्मी रोड आणि रविवार पेठेतल्या व्यापाऱ्यांवर रोज कॉलेजची पोरं भाव तपासायला सोडली तर काय होईल, याची कल्पना पुणेकराला वेगळी द्यायला नको. 1963 ते 1978 या काळातला हा एक खरा बदल, आणि तो संचाच्या तळटिपेत पडलाय.

पैसे वसूल होतात ते चौथ्या प्रकरणात. तेलाच्या उत्पन्नावर जगणारं राज्य म्हणजे ‘रेंटियर’ राज्य ही कल्पना अर्थशास्त्रज्ञ हुसेन महदवी यांनी 1970 मध्ये इराणच्याच संदर्भात मांडली, आणि संचात तिचं श्रेय बरोबर दिलंय. सरकारला करांसाठी जनतेकडे जावं लागत नाही, म्हणून जनतेचं ऐकावंही लागत नाही. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर इराण सरकारच्या महसुलाचा तीन चतुर्थांशाहून मोठा भाग तेलातून येत होता. इथून पुढे थेडा स्कॉचपॉल येतात. 1979 च्या त्यांच्या पुस्तकात फ्रान्स, रशिया आणि चीन यांची तुलना आहे. क्रांती कुणी घडवून आणत नाही. परदेशी युद्धं आणि स्पर्धा यांच्या दाबाखाली राज्ययंत्रणा ढासळते, शेतकरी उठतात आणि क्रांती येते, असा तो सिद्धांत. पुस्तक बाजारात आलं त्याच वर्षी इराणने त्याला धक्का दिला. शहाचं लष्कर कुठल्याही युद्धात हरलेलं नव्हतं. तिजोरी रिकामी नव्हती. शेतकरी फारसे उठलेच नाहीत, सगळं शहरांत घडलं. 1982 च्या लेखात स्कॉचपॉल यांनी ते मान्य केलं: जाणीवपूर्वक ‘घडवलेली’ क्रांती म्हणून कुठे बोट दाखवायचं तर ते इराणकडे. रेंटियर राज्य समाजापासून सुटलेलं असतं, आणि बाजार, मशीद व शिया परंपरा यांनी विरोधाला अंग दिलं, असा त्यांचा सुधारित युक्तिवाद. संचात 1979 चं पुस्तक आहे, 1982 ची दुरुस्ती नाही. त्यामुळे विद्यार्थी ‘स्कॉचपॉल यांच्या मते इराणची क्रांती घडवलेली नव्हती’ असं लिहून येतो आणि गुण घालवून बसतो. तो मुद्दा पान 31 च्या समासात आजच लिहून ठेवा.

या प्रकरणात आणखी एक गोष्ट जोडण्यासारखी आहे. उत्पन्नाचा नळ एकच असला की राज्य मजबूत दिसतं, आणि त्या नळावर बसलेल्या लोकांच्या हातीही जातं. 1978 च्या शरदात तेल कामगार संपावर गेले. दिवसाला साठ लाख पिंपांच्या आसपास असलेलं उत्पादन डिसेंबरअखेर इतकं घसरलं, की देशाची स्वतःची गरजही भागेना. बँका, कस्टम, वीज, वर्तमानपत्रं बंद पडली. रणगाडे रस्त्यावर उभे करता येतात. विहिरीतून तेल काढायला त्यांचा उपयोग नाही. 1963 मध्ये असा संप नव्हता. पहिल्या प्रश्नाचं सर्वांत ठोस उत्तर इथे मिळतं. दुसऱ्या प्रश्नावर मात्र ही उपपत्ती लंगडी पडते: सौदी अरेबिया, कुवेत, व्हेनेझुएला ही सगळी तेलावर जगणारी राज्यं, आणि त्या दशकात तिथली एकही राजवट अशी कोसळली नाही.

धर्माचं प्रकरण सरळ गाळा. ‘शिया पंथातच हौतात्म्याची ओढ असल्याने क्रांती अटळ होती’ असं वाक्य पान 38 वर आहे आणि ठळक अक्षरात आहे. करबला (इमाम हुसेन जिथे मारले गेले ती लढाई) तेराशे वर्षं स्मरणात होता; त्यातली बहुतेक वर्षं शिया धर्मशास्त्री सत्तेपासून अंतर राखून होते. इराकमध्येही शियांचं बहुमत आहे, आशूरा हा हुसेनच्या शोकाचा दिवस तिथेही पाळतात. खरं सांगण्यासारखं असं की परंपरेचा अर्थ त्या काळात नव्याने लावला गेला. खोमेनींनी 1970 मध्ये इराकमधल्या नजफच्या व्याख्यानांत राज्य धर्मशास्त्र्याने चालवावं असं मांडलं, आणि ते मत तेव्हाच्या बड्या आयातुल्लांपैकी (शियांच्या ज्येष्ठ धर्मशास्त्र्यांपैकी) अनेकांना मान्य नव्हतं. विचारवंत अली शरियतींनी हुसेनला अन्यायाविरुद्ध उठणारा नायक म्हणून तरुणांपुढे ठेवलं. ते जून 1977 मध्ये इंग्लंडमध्ये वारले, क्रांती त्यांनी पाहिली नाही. अर्जोमंद यांची 1988 ची मांडणी या बाजूने सर्वांत भक्कम आहे: आधुनिक राज्याने न्यायालयं, शाळा आणि वक्फ काढून घेतल्यामुळे कोपऱ्यात ढकललेल्या धर्मसंस्थेने आपलं स्थान परत मिळवायला घेतलेली ही झेप. मौलवीच का, या तिसऱ्या प्रश्नाला ती थेट भिडते. तिच्या जोडीला निकी केडी यांनी दाखवलेली मौलवी-बाजार युती ठेवा. 1890 मध्ये एका इंग्रजाला दिलेली तंबाखूची मक्तेदारी याच युतीच्या बहिष्कारामुळे 1892 च्या सुरुवातीला शहाला मागे घ्यावी लागली होती.

(जाता जाता: पान 40 वर ‘पुणे-मुंबईच्या इराणी हॉटेलवाल्यांवर क्रांतीचा परिणाम’ असा एक परिच्छेद घुसलाय. कॅम्प-डेक्कनचे जुने इराणी बहुतेक झरतुष्ट्री, यझद-कर्मानकडचे, आणि या क्रांतीच्या कितीतरी आधी आलेले. परिच्छेद वाचायला गोड आहे, कारणमीमांसेत त्याचं काही काम नाही.)

संघटनेची उपपत्ती संचात अर्ध्या पानात आहे. तिला चार पानं हवी होती. मिसाघ पारसा 1989 मध्ये म्हणतात की राग सगळीकडेच असतो, प्रश्न साधनांचा. पक्ष, संघटना, वृत्तपत्रं शहाने बंद केली. मशीद बंद करता येईना. बाजाराकडे पैसा होता. आणि सरकारच बाजारात भाव ठरवू लागल्यामुळे प्रत्येक आर्थिक तक्रारीचा रोख आपोआप सरकारवर गेला. चाळिसाव्याचं चक्र (मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवशी शोक पाळतात, त्यातूनच पुढची निदर्शनं) याच यंत्रणेवर चाललं: 7 जानेवारी 1978 ला ‘इत्तिलाआत’ या वर्तमानपत्रात खोमेनींची बदनामी करणारा लेख, 9 ला कूममध्ये निदर्शनं आणि गोळीबार, चाळीस दिवसांनी 18 फेब्रुवारीला तबरीझ, पुन्हा चाळिसाव्याच्या सुमाराला मार्चअखेर यझद, मग मे महिन्यात आणखी शहरं. संचाच्या घटनाक्रमात या तारखा आहेत आणि बरोबर आहेत. त्यांच्यातला चाळीस दिवसांचा धागा कुणी ओढून दाखवलेला नाही, तो लाल पेनाने ओढा.

आणि सगळ्यात मोठी उणीव म्हणजे चार्ल्स कर्झमन यांचं नावसुद्धा नाही. 2004 च्या पुस्तकात त्यांनी वरचे सगळे सिद्धांत एकेक करून पुराव्यावर धरले. मशिदींचं जाळंही आयतं नव्हतं. अनेक ज्येष्ठ मौलवी 1978 च्या सुरुवातीला संघर्ष टाळत होते आणि क्रांतिकारकांना ते जाळं आधी स्वतःकडे ओढावं लागलं. मग लोक बाहेर का पडले? कर्झमन सांगतात की आंदोलन खरंच चालू शकेल असं वाटू लागलं, तेव्हा पडले. शेजारचा निघणार असेल तर मीही निघतो, असा प्रत्येकाचा हिशेब होता, आणि तो आठवड्यागणिक बदलत होता. 10 आणि 11 डिसेंबर 1978 च्या तासूआ-आशूराच्या (तासूआ म्हणजे आशूराचा आदला दिवस) मोर्चांना लाखोंनी लोक आले ते तेव्हा नेहमीची घडी मोडली होती आणि पुढे काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं म्हणून. अर्थशास्त्रज्ञ तिमूर कुरान यांनी 1989 मध्ये जवळचीच गोष्ट मांडली: हुकूमशाहीत लोक मनातलं लपवतात, त्यामुळे शेजाऱ्यापासून सावाकपर्यंत कुणालाच खरा अंदाज नसतो, आणि बांध फुटला की सगळेच चकित होतात. 31 डिसेंबर 1977 ला अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर तेहरानमध्ये शहाच्या इराणला स्थैर्याचं बेट म्हणाले, हे या उपपत्तीसाठी हुकमी उदाहरण. कर्झमनवरचा आक्षेपही लिहा: घडून गेल्यावर ‘आधी ओळखता आलं नसतं’ म्हणणं सोपं, आणि तेच शहर, तोच बाजार 1963 मध्ये का थांबला हे त्यातून फार उलगडत नाही.

शहाच्या धरसोडीला संचात जागा नाही. 8 सप्टेंबर 1978 ला तेहरानच्या झालेह चौकात गोळीबार, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दूरचित्रवाणीवर ‘तुमच्या क्रांतीचा आवाज मी ऐकला’ असं भाषण; त्याच सुमाराला जनरल अझहारींचं लष्करी सरकार. दडपशाहीने राग वाढला, सवलतींनी हिंमत वाढली. त्यात त्याला कर्करोग होता, आणि तो बाहेर कुणाला माहीत नव्हता. विदेशी कटाच्या सिद्धांतावर मात्र संचाने तीन पानं घालवलीत. अर्धा मिनिटही देऊ नका.

तथ्यांच्या चुका मोजक्या आहेत, पण महाग पडतील. खोमेनी ‘चौदा वर्षे फ्रान्समध्ये’ होते असं छापलंय. ते जवळपास वर्षभर तुर्कस्तानात, 1965 ते ऑक्टोबर 1978 नजफमध्ये आणि चार महिन्यांहून कमी काळ पॅरिसजवळ होते. 1 फेब्रुवारी 1979 ला परतले. झालेह चौकात ‘हजारो ठार’ हेही तसंच. क्रांतीनंतर शहीद फाउंडेशनच्या नोंदींवरून इमादुद्दीन बाघी यांनी त्या दिवसाचा आकडा 88 काढला. तेव्हा लोकांनी हजारोंवर विश्वास ठेवला हे मात्र खरं, आणि ते कारणांत मोडतं. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहा. क्रांतीची तारीख एका ठिकाणी फेब्रुवारी 1978 आलीय, ती पंचांगाच्या गोंधळाने. इराणी सौर वर्षात 621 मिळवले की इसवी सन येतो, पण 1 जानेवारीपासून नवरोजपर्यंत (मार्चमधल्या इराणी नववर्षापर्यंत) 622 मिळवायचे. 22 बहमन 1357 म्हणजे 11 फेब्रुवारी 1979. 1976 ते 1978 च्या कागदपत्रांवर 2535, 2536 अशी शाही वर्षं दिसतील. त्यांतून आधी 1180 वजा करा.

दुरुस्तीला एक संध्याकाळ पुरते. आडव्या ए-फोर कागदावर चार रकाने आखा: सिद्धांत, 1978 का, इराण का, मौलवी का. डेव्हिस, अब्राहमियन, स्कॉचपॉल 1982, अर्जोमंद, पारसा, कर्झमन अशा सहा ओळी. उत्तर जिथे नाही तिथे फुली मारा. फुल्या लपवू नका, टीका तिथूनच येते. त्याखाली सातवी, शेवटची ओळ जॉन फोरन यांना द्या. परावलंबी विकास, एका व्यक्तीभोवतीची दडपशाही राजवट, विरोधाच्या राजकीय संस्कृती, आर्थिक उतार आणि बाहेरच्या जगाने दिलेली फट हे पाचही एकत्र आले तरच क्रांती होते असं ते म्हणतात. फट म्हणजे इथे कार्टरचं मानवी हक्कांचं धोरण, जे जानेवारी 1977 नंतरच आलं. चारशे शब्दांच्या उत्तरात दोन सिद्धांत नीट आणि तिसरा टीकेपुरता, एवढंच मावतं. सगळेच कोंबले तर पुन्हा यादीच होते. मूळ इंग्रजी पुस्तकांसाठी विद्यापीठाचं जयकर किंवा गोखले संस्थेचं गाडगीळ ग्रंथालय गाठण्याआधी ऑनलाइन सूची पाहा. दोनच वाचायची तर अब्राहमियनचे शेवटचे भाग आणि कर्झमन.

छपाई एकेरी, टोनर फिका. पान 45 ते 48 काही प्रतींत नाहीत, आणि पारसाचं ते अर्धं पान तिथेच आहे. दुकानातच उलटून पाहा. दोन्ही बाजूंनी छापलेला संच मागितला तर 120 रुपयांना देतात, मजकूर तोच.